बैलाच्या रक्तानं लिहिलेलं नाव

४ ऑक्टोबर, संत फ्रान्सिसचा दिवस

प्रिय एउतिमियाताई,

देव तुम्हा दोघांना सुखी ठेवो. तुझं पत्र आणि चेस्टनटची पिशवी, दोन्ही पोचलं. भावजींचा गुडघा आता वळतो हे वाचून बरं वाटलं. मी ठीक आहे. चर्चमधली सकाळची मिस्सा चुकत नाही, जेवण कधीकधी चुकतं.

रविवारी फादर गाउदेन्सियोंना घेऊन येतेस म्हणालीस. ताई, या रविवारी नको. विद्यापीठाच्या स्थापनेचा उत्सव चालू आहे, गल्ल्यांत पाय ठेवायला जागा नाही, खाणावळी भरलेल्या. त्यांचं वय एक्याण्णव, त्यात बसचा प्रवास आणि पठारावरचा हा वारा. वसंतात या.

खरं म्हणजे इथं मला सगळ्याचाच वीट आलाय. यंदाचं माहितीपत्रक हाती आलं. जिथं शतकानुशतकं धर्मशास्त्र, कायदा, वैद्यक अशी नावं असायची, तिथं पहिल्या पानावर ‘वारसा आणि पाहुणचार’ नावाचा नवा अभ्यासक्रम आहे. माझं लॅटिन शेवटच्या पानावर, हौसेच्या वर्गांत, सालसा नाचाच्या खाली. वाचून मी हात धुतले. खरंच धुतले.

आणि उत्सवानिमित्त मानद डॉक्टरेट कुणाला, तर डुकरांच्या तंगड्या खारवून देशभर विकणाऱ्या एका कारखानदाराला. ग्रंथालयाचं छप्पर त्यानं नवं करून दिलं. त्याला पदवी दिली याचं मला फारसं वाटलं नाही. डुकरं पाळणाऱ्याला आपल्या गावात कुणी कमी लेखत नाही. पण त्याला भिंत हवी होती.

भिंत म्हटलं की तुला काय आठवत असेल ते मला माहीत आहे. डॉक्टरेट मिळालेल्याचं नाव बैलाच्या रक्तात रंग कालवून विद्यापीठाच्या अंगणातल्या भिंतीवर लिहायचं, ही इथली जुनी रीत. फादरांच्या वेळी ते रक्त आपल्या गावानं दिलं. बाबा दुधाच्या कॅनमधून ते बसनं घेऊन आले, वाटभर मांडीवर धरून. आणि सहा वर्षांची तू शेजारी नाक दाबून बसली होतीस. डॉक्टरेट घेऊन फादर परत आपल्याच गावच्या शाळेत आले. तुझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी मला लॅटिन शिकवलं नसतं, तर मी आज इथं नसतो.

भिंतीसाठी तिघांची समिती होती: उपकुलगुरू इल्देफोन्साबाई, कलेतिहासाचा लेआन्द्रो आणि मी. कारखानदाराला हवी ती उन्हाची बाजू भरलेली, तेव्हा एक जुनं नाव काढावं लागेल असं ठरलं. लेआन्द्रोनं छत्रीचं टोक एका नावावर टेकवलं.

“हा गाउदेन्सियो कोण? ना पुस्तक, ना पद. खेड्यात पोरं हाकत मेला असेल.”

“मेले नाहीत,” मी म्हणालो. “मला त्यांनीच शिकवलंय.”

बाई समजुतीनं म्हणाल्या की एवढ्या वयाला माणसं भिंतीकडे बघायला येत नाहीत. मग मी म्हणालो, त्यांच्याऐवजी भिंतीवरचं माझं नाव काढा.

“अहो निकासियो, तुमचा रंग ताजा आहे अजून,” लेआन्द्रो म्हणाला. “फोटोत छान उठतो.”

दोन विरुद्ध एक. मंगळवारी नाव खरवडून काढलं.

झालं, लिहून टाकलं. गर्दी, वारा, खाणावळी, सगळ्या सबबी होत्या.

खरवडलेला दगड पट्टी सोडल्यावरच्या कातडीसारखा पांढुरका दिसत होता. दुसऱ्या दिवशी तिथं कारखानदाराचं नाव आलं, डब्यातल्या तयार रंगात. नखांना लावतात तसं चकाकतंय, आणि व्हार्निशचा वास अंगणभर.

त्याच संध्याकाळी सत्काराचं जेवण होतं. त्याच्याच कारखान्याचे मांसाचे पातळ काप, आणि सगळ्या विद्वानांची बोटं चरबीनं चमकत होती. मी ताट बाजूला सारलं. लेआन्द्रो जवळ आला.

“काय फादरांचे चेले, उपास का? ईस्टरआधीचे उपास लांब आहेत अजून.”

फादर रविवारी भिंत बघायला येताहेत, असं मी सांगितलं. मग त्यानं खालच्या आवाजात विचारलं, म्हाताऱ्याला दिसतं का. मी सांगितलं, अक्षरं नाही दिसत, रंग तेवढे कळतात.

“मग अडलंय कुठे? कुठल्याही लाल डागासमोर उभं करा, म्हणा, हेच तुमचं. खूश होऊन घरी जाईल.”

त्यानं हसत माझ्या खांद्यावर थाप मारली. कोटावर बोटं उमटली आहेत.

ताई, मला त्याची शिसारी आली. पण अंगातून वर आली ती शिसारी त्याची नव्हती. तो जे बोलला ते मंगळवारीच, त्या उघड्या दगडासमोर उभा असताना, माझ्या मनात येऊन गेलं होतं. मी जागासुद्धा हेरून ठेवली होती: खांबाशेजारी, सावलीत, साधारण तेवढ्याच लांबीचं एक नाव. वर दयेचं पांघरूणही घातलं होतं, की म्हाताऱ्या माणसाला कशाला दुखवायचं. लेआन्द्रोनं निदान मोठ्यानं म्हटलं. तेव्हापासून चॅपलमध्ये बसतो, आणि देवापुढे तोंड उघडत नाही.

म्हणून रविवारी या. वरचं ‘नको’ मी खोडत नाही. मी किती लांबून वळसा घेतला ते तुला दिसू दे. फादरांना आधी काही सांगू नकोस. भिंतीसमोर मीच सांगेन, आणि त्यांना कळलेलं बघेन. ते हसतील कदाचित. कदाचित परत फिरून बसकडे चालू लागतील. मग त्यांच्यामागून चालायचं, एवढंच माझ्या हाती राहील.

मी थांब्यावर उभा असेन.

ज्याचं नाव अजून भिंतीवर आहे तो तुझा भाऊ,
निकासियो