मागची सीट

तांबरम, मंगळवार

प्रिय रघुराम,

वहीच्या पानांवर लिहून फोटो पाठवतेय, तेही मराठीत, म्हणून तोंड वाकडं करू नकोस. अप्पा जन्मभर तंजावरी मराठी बोलले, पण देवनागरी त्यांना वाचता येत नाही. त्यांची सगळी शाळा तमिळ आणि इंग्रजी. सोलापूरहून इथे नांदायला आलेल्या आईने हट्टाने आपल्या दोघांना अक्षरं शिकवली, म्हणून हे पान टेबलावर राहिलं तरी ते फक्त तुलाच कळेल. फोनवर सांगितलं असतं, पण तू माझ्याशी दोन वाक्यं बोलतोस आणि लगेच अप्पांना फोन द्यायला सांगतोस.

अप्पांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा असतं, हे तुला माहीत आहे. तिथून परत येणं कसं असतं, ते माहीत नाही. त्यांना चक्कर येते, उलटी होते, आणि ऑटो प्रत्येक खड्ड्यात आपटते. टॅक्सीवाले वॉकर पाहिला की निघून जातात. आणि खाली ताडपत्रीखाली तुझी एस्टीम उभी. तुझी म्हणायचं, घेतली होती अप्पांनी, रेल्वेच्या कोच फॅक्टरीतून निवृत्त झाल्यावर. नवी गाडी घ्यायची माझी ऐपत नाही. म्हटलं, हीच पुन्हा माणसांची करावी.

तू ती कशी सोलून काढली होतीस, आठवतं ना? कॉलेजच्या शेवटच्या वर्षी, इरुंगाट्टुकोट्टैच्या शर्यतीच्या ट्रॅकसाठी. एसी काढलास, काचा काढून प्लास्टिक बसवलंस, आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा वेल्ड करून घेतलास, आणि मागची सीट भंगारवाल्याला दिलीस. वजन कमी करायचं होतं तुला. त्या वजनात आई आणि मी होतो, रघू. आई त्यानंतर शेवटपर्यंत टी. नगरला बसनेच गेली, आणि बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईला मुलगा रेसिंग करतो म्हणून कौतुकाने सांगत राहिली. अप्पा तर प्रत्येक शर्यतीला छत्री घेऊन उन्हात बसायचे. तू परदेशी गेल्यावरही दर आयुधपूजेला ताडपत्री बाजूला करून दारावरच्या तुझ्या सत्तावीस नंबराला चंदन-कुंकू लावायचे, चाकांखाली लिंबं ठेवायचे. लिंबं चिरडायला गाडी पुढे जायला हवी. ढकलायला अर्थातच मी.

मोडणं तू मित्रांबरोबर हसतखेळत केलंस. जोडायला मला अर्धा उन्हाळा लागला. सेलैयूरचा गुरुमूर्ती मेकॅनिक पहिल्यांदा म्हणालाच की मॅडम, या गाडीचं लोक उलटं करून घेतात, सुलटं कोणी करत नाही. पिंजरा ग्राइंडरने कापावा लागला. मागची सीट पुदुपेट्टैच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात मिळाली, रंग जुळत नाही. काचा, वायपर, हॉर्न, एसी, साधा सायलेन्सर, सगळं एकेक करून आणलं. तुझ्या त्या आखूड स्प्रिंगा काढून गाडी उंच केली, अप्पांना गुडघे फार न दुमडता बसता यावं म्हणून. आरटीओतून पास करून घेतली. शाळेत शिकवून सुटले की मी रोज तिथे जाऊन उभी राहायचे. खरं सांगू, खूप वर्षांनी मला काहीतरी करण्यात आनंद वाटत होता. रंगकाम करताना तुझा नंबर गेला. त्याबद्दल मी कोणाला विचारलं नाही.

गाडी घरी आली त्या दिवशी अप्पांना धुतलेली वेष्टी नेसवली आणि खाली आणलं. वॉकर टेकत त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. नंबर होता तिथे हात फिरवला. मी मागचं दार उघडून उभी होते. ते म्हणाले, "ही रघूची गाडी नोहे. पोर आला तर काय चालवील गे?" आणि वर निघाले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तेव्हापासून हट्ट धरलाय की गाडी होती तशी कर, तोवर मी कुठेच येत नाही. आधी मला वाटलं, रुसलेत, ऑटोने तरी येतील. शनिवारी आले नाहीत. आजही आले नाहीत. पाय सुजलेत, रात्री आडवं पडवत नाही. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलंय की उद्याची खास वेळ दिलीय, तीही चुकवली तर त्या जबाबदार नाहीत.

आता तुझं काम. दर रविवारी तू त्यांना सांगतोस, पुढच्या सीझनला येतो, गाडी तशीच ठेवा. आणि मला तू आई गेली त्याच वर्षी सांगितलंस की तिकडचं नागरिकत्व घेतलंय, हेल्मेट विकून टाकलंय, परत यायचा प्रश्नच नाही, पण अक्का, अप्पांना सांगू नकोस. मी नाही सांगितलं. तू तिकडून गोड बोलायचंस आणि मी इकडे ते सांभाळायचं, असंच चाललं इतकी वर्षं. काल मात्र सांगून टाकलं, त्यांचे पाय चेपता चेपता. त्यांनी पाय ओढून घेतला आणि म्हणाले, "तुला कधीच त्याचं बरं बघवलं नाही." उद्या सकाळी सातला मी त्यांना फोन देईन. तू येणार नाहीस, एवढं तुझ्या तोंडाने सांग. ते रडतील, तर रडू देत. सावरायला मी आहेच. त्यांना वाचवायचं असेल तर मी त्यांची इतकी वर्षं केलेली सेवा उपयोगाची नाही, तुझा एक फोन लागतो. माझ्या शब्दावर त्यांचा विश्वास नाही, म्हणून मला तुझ्यापुढे पदर पसरावा लागतोय, आणि याबद्दल मी तुम्हा दोघांनाही माफ करणार नाही.

तुझीच, नाइलाजाने,
श्रीरंजनी अक्का