निळीचा डाग पडलेलं तिकीट

॥ श्री ॥

औरंगाबाद, माघ शु. ५, शके १८५९

ती. सदाशिवदादा यांस, सौ. अंबिकाचा सा. न. वि. वि.

गाणाऱ्या बाईंच्या जलशाची तिकिटं मिळाली. कशी मिळाली ते आधी वाच आणि मग खुशाल हस. गुलमंडीवरच्या एका अत्तरवाल्याकडे ती विकायला ठेवली होती. कचेरी सुटल्यावर इकडून जाऊन पाच तिकिटं घेणं झालं, कोटाच्या खिशात ठेवणं झालं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोच कोट मी परटाला देऊन बसले. त्यावर घरात जो आवाज चढला तो अख्ख्या औरंगपुऱ्यानं ऐकला असेल. इकडच्याच कचेरीतले मोहियोद्दीनभाई सायकलवर बसून नदीपर्यंत गेले म्हणून निभावलं. परटानं खिसे झटकून तिकिटं काढून ठेवली होती, पण त्यातलं एक निळीच्या घंगाळात पडलं. त्याचा आकडा वाचता येतो, शिक्का मात्र पार बुडाला.

दोन तिकिटं सोबत पाठवते. एक तुझं, आणि निळं झालेलं कडूबामामांसाठी. त्यांना आणायलाच हवं का, हे मी अजून एकदा विचारते. तू लिहिलंस की सोयगावच्या जिनिंगवाल्यांकडे फोनोवर त्यांनी या बाईंची तबकडी ऐकली आणि तेव्हापासून डब्यातली बाई डोळ्यांनी बघायची म्हणून धोशा लावलाय. हौस मला समजते. पण हे त्यांच्या तुणतुण्यावरचं गाणं नाही. चार-चार तास बसून एकच राग ऐकायचा असतो. मामा मधेच हाळी देतील, नाहीतर घोरतील.

माझ्या शेजारी कचेरीचे मोठे साहेब नानासाहेब यांचं कुटुंब भानुमतीबाई असणार आहेत. मी जात्यावर ओवी म्हणत होते ते त्यांनी एकदा ऐकलं, तेव्हापासून हळदीकुंकवात मला सोयगावची सरस्वती म्हणतात आणि सगळ्याजणी हसतात. तेव्हा मामांना निदान धुतलेलं धोतर नेसव. घोंगडी घरी ठेवायला सांग.

वहिनींना नमस्कार. धाकट्या बहिणीचं बोलणं मनावर न घेता माया तशीच ठेवावी.

तुझी
अंबू

॥ श्री ॥

सोयगाव, माघ व. २

चि. सौ. अंबिका हिस अनेक आशीर्वाद.

काल रात्री मुक्कामी पोचलो आणि आज शाळेला न जाता हे लिहितो आहे. माझ्या अंगाची आग अजून गेलेली नाही.

त्या संध्याकाळी तुझ्याकडे निरोप न देता परत का फिरलो ते ऐक. शहागंजात मोटारीतून उतरून आम्ही टांगा केला. वाटेत टांग्याचा आस मोडला, मी खाली पडलो आणि गुडघा फुटला. उशीर व्हायला नको म्हणून मामांना त्यांचं तिकीट देऊन पुढं पाठवलं. म्हटलं, अंबू दाराशी असेलच. मी लंगडत पोचलो तेव्हा गाणं सुरू होऊन तास झाला होता. आणि मामा कुठं होते? शामियान्याच्या बाहेर, जिथं टांग्यांची घोडी बांधली होती तिथं, कनातीला कान लावून बसले होते. त्यांच्या शेजारी तुमचे मोहियोद्दीनभाई. त्या भल्या माणसानं आपली आतली जागा सोडली आणि घोड्यांच्या लिदीजवळ रुमाल अंथरून बसला.

दारावरच्या माणसानं म्हणे तिकिटाचा डाग बघितला, घोंगडी बघितली, आणि तिकीट चोरीचं आहे म्हणून मामांना दंडाला धरून बाजूला काढलं. मी त्याच्याशी भांडलो. संयोजकांशी भांडलो. मामा मला ओढत होते, चल म्हणत होते. शेवटी त्यांना घेऊन मी मोटारतळावरच रात्र काढली.

माझे दोन सवाल आहेत. पाच तिकिटांत डागाचं एकच होतं, ते मामांच्याच वाट्याला का आलं? आणि तू बायकांच्या दारानं गेलीस, ते दार तर याच दाराला लागून होतं. तुला काहीच दिसलं नाही? आईनं ज्याला भाऊ मानलं, जो बाबा गेल्यावर सहा महिने आपल्या घरी पाणी भरत होता, त्याला चोर म्हटलं, अंबू.

उत्तर लवकर धाड. आशीर्वाद आहेतच, पण आज ते रागातून देतो आहे.

सदाशिव

॥ श्री ॥

औरंगाबाद, माघ व. ८

ती. दादास, सा. न. वि. वि.

तू मास्तर आहेस म्हणून मला छडी दाखवू नकोस. डागाचं तिकीट मामांना दिलं ते त्यांना वाचता येत नाही, त्यांना वाईट वाटणार नाही, म्हणून दिलं. तुला दिलं असतं तर तू पत्रभर कुरकुरला असतास. घोंगडी ठेवून ये असं मी स्पष्ट लिहिलं होतं. माघातल्या थंडीत तुला शाल चालते आणि मामांना एक शाल देववली नाही?

तू दारात जो तमाशा केलास तो आतपर्यंत ऐकू आला. गाणाऱ्या बाई क्षणभर थांबल्या. भानुमतीबाईंनी विचारलं की हा कोण ओरडतोय, आणि मला खाली बघावं लागलं. दुसऱ्या दिवशी कचेरीत इकडे विचारणा झाली की तो सोयगावचा मास्तर तुमचा मेव्हणाच ना. बढतीचा कागद नानासाहेबांच्या मेजावर आहे. तुझ्या ध्यानात हे येत नाही, कारण तुला कोणाच्या मेजाची भीती नाही.

दारावर गर्दी होती. गर्दीत कोणाला काय दिसतं?

इथं बाकी ठीक. परवा दूध उतू जाऊन चूल विझली, काल मांजरानं लोणी खाल्लं. सगळं घर माझ्यावर रुसल्यासारखं वागतंय. तू तरी रुसू नकोस.

अंबू

॥ श्री ॥

सोयगाव, फाल्गुन शु. ३

सौ. अंबिका हिस,

मोहियोद्दीनभाई काल सरकारी कामानं इकडे आले होते. आमच्याकडे जेवले. मला ठाऊक असेल असं समजून ते सहज बोलून गेले.

दारावरचा माणूस तिकिटाला हात लावून विचारात पडला होता. मामांनी तुला बघितलं आणि हात वर केला. त्या माणसानं तुला विचारलं की बाईसाहेब, हा तुमच्यापैकी आहे का. तू मामांच्या तोंडाकडे बघितलंस आणि म्हणालीस, मी यांना ओळखत नाही.

एका शब्दाचं काम होतं. हो म्हणायचं.

मामांनी मला यातलं काहीही सांगितलं नाही. सबंध वाटभर मला म्हणाले की अंबू भेटलीच नाही. ते अजिंठ्याला आपल्या घरी गेले आहेत.

मी तुला आता काय लिहू? तू पुन्हा पत्र टाकू नकोस. टाकलंस तरी मी फोडणार नाही.

सदाशिव

॥ श्री ॥

औरंगाबाद, फाल्गुन शु. १०

दादा,

तू फोडणार नाहीस म्हणतोस, तरी लिहिते. वहिनी फोडतील.

म्हटलं मी तसं. खोटं सांगणार नाही. भानुमतीबाईंचा हात माझ्या हातात होता. मामांनी हात वर केला तेव्हा त्या हसून म्हणाल्या, अगं बघ, कोणीतरी सरस्वतीचा भक्त आला वाटतं. मग तो माणूस विचारायला आला, आणि माझ्या तोंडून ते निघून गेलं. मामांनी हात हळूच खाली घेतला. डोक्याला बांधलेलं उपरणं उगीच सारखं केलं. ते मला रोज दिसतं. भाकरी थापतानाही दिसतं.

आता तुला आणखी एक सांगते, म्हणजे तुझा राग पुरता पेटेल. मला ते गाणं आवडलंच नाही. तीन तास मी मान डोलावत बसले, कारण भानुमतीबाई डोलावत होत्या. मला कळतं ते मामांचं गाणं. लहानपणी खळ्यावर त्यांच्या मागं उभी राहून मीच झांज धरायची. ज्याच्यात मला गोडी आहे त्याची मला लाज वाटते, आणि जे कळत नाही त्याला मी वाहवा म्हणते. ह्याचा मला इतका संताप येतो की काल मी फुलपात्र भिंतीवर फेकलं. त्याचा काठ चेमटला.

मामांना मी पत्र धाडलं आहे. माफी मागितली आहे. सोबत एक नवी शाल पाठवली.

अंबू

अजिंठा, फाल्गुन व. ४

सौ. अंबिकाबाई यांस. मी गावचा टपालवाला, चिठ्ठीरसां कमरोद्दीन, कडूबांनी सांगितलं तसं लिहितो. शब्द बदलायचा नाही अशी त्यांची ताकीद आहे.

पोरी, तुझं पत्र कमरोद्दीननं दोनदा वाचून दावलं. शाल माघारी धाडली हाय. मला घोंगडीत ऊब लागती.

त्या बाईचं गाणं मी समदं ऐकलं. कनातीतून आवाज चांगला येतो. बाई सुराला लई पक्की हाय, पन शबुद कळू देत नाय. मला ऐकायचं व्हतं, ऐकलं. तवा माझं गाणं ऐकायचं हुकलं म्हनून रडू नको.

राग मला सदाशिवचा बी आला हाय. माझ्या नावानं त्यो भांडला. मी त्याला भांड म्हनालो व्हतो का? चार लोकांत मला गरीब केलं त्यानं. त्याला सांगू नको, मीच सांगीन.

आन तुझा राग लई आला हाय. तू कागदावर माफी मागती. ती फकस्त कमरोद्दीनला आन मला ऐकू आली. तू मला नाय म्हनालीस ते चारचौघांत म्हनालीस. मग व्हय म्हनायचं ते कागदावर का? मी तुझ्या दारी येनार नाय. तुला जमंल तवा, जमंल तिथं, चारचौघांत सांग. नाय जमलं तर र्‍हाऊ दे. मी काय मरत नाय.

लेकराबाळांना सुखी ठेव. हितं समदं बरं हाय, एक बैल लंगडतो.

निशाणी अंगठा, कडूबा

॥ श्री ॥

अजिंठा, चैत्र शु. ७, शके १८६०

ती. दादास, सा. न. वि. वि.

हे पत्र मी कडूबामामांच्या ओसरीवर बसून लिहिते आहे. कमरोद्दीन उद्या पहाटेच्या टपालात ते घालणार आहे.

नानासाहेबांकडे हैदराबादचे पाहुणे आले होते. त्यांना लेणी दाखवायला दोन मोटारी निघाल्या, आणि भानुमतीबाईंनी सोबतीला मला बोलावलं. अजिंठा म्हटल्यावर मी लगेच हो म्हटलं. परतीच्या वाटेवर गावात चहापाण्याचा बेत होता. कोणीतरी सुचवलं की इथं एक म्हातारा तुणतुण्यावर छान गातो, पाहुण्यांना गंमत वाटेल. चावडीपुढं सतरंज्या पडल्या, आणि मामा आले. खांद्यावर तीच घोंगडी.

त्यांनी मला बघितलं. ओळख दाखवली नाही. तुणतुण्याची तार पिळत बसले.

 मी उठले, दादा. सतरंजीवरून उतरून धुळीत त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि म्हटलं, हे माझे मामा आहेत. आवाज फुटलाच नाही नीट. मामांनी वर न बघता गावच्या पाटलांना विचारलं की ही बाई कोण, काय म्हणती.

भानुमतीबाई हसल्या. पाहुणेही हसले. आणि मला राग आला. मामांचा आला, भानुमतीबाईंचा आला, सगळ्यांत जास्त माझाच आला. मी उभी राहिले आणि खळ्यावर हाळी देतात तशा आवाजात सांगितलं की मी सोयगावची अंबिका, हा कडूबा माझ्या आईचा मानलेला भाऊ, आमचे वडील गेले तेव्हा ह्यानं आमच्या घरी पाणी भरलं, आणि माघात जलशाच्या दारावर ह्याला मी ओळखत नाही म्हणाले ते खोटं बोलले, तेव्हा भानुमतीबाई माझ्या शेजारीच होत्या, त्यांना विचारा. पलीकडच्या ओट्यावरची माणसंसुद्धा उठून उभी राहिली.

मामा म्हणाले, आता ऐकू आलं. बस तिकडं.

मग ते गायले. मी तिथंच धुळीत बसून ऐकलं. माझ्या आवडीचं गाणं मी कित्येक वर्षांनी मान न डोलावता, तोंड उघडं टाकून ऐकलं. पाहुण्यांतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी दुसऱ्यांदा म्हणायला लावलं. भानुमतीबाईंनी मात्र माझ्याकडे पाठ केली ती केलीच. बढतीचं काय होईल ते उघड आहे. इकडून काय म्हटलं जाईल ते माहीत नाही, आणि खरं सांगायचं तर भीती वाटते आहे. पण ती उद्याची.

गाणं संपल्यावर मी मामांना विचारलं की राग गेला का. ते म्हणाले, नाय गेला, असा कसा जाईल, जेवून जा. घरी नेलं. मामींनी पिठलं टाकलं, माझ्या ताटात चार भाकऱ्या वाढल्या. तेवढ्यात मोटारी निघून गेल्या. मला न विचारता, मला न घेता. पाटलांनी औरंगाबादला खुशालीची तार करायची व्यवस्था केली आहे, पण परतायला सोबत नाही.

म्हणून लिहिते. तू ये आणि मला घरी पोचव. माझ्यावर रागावलेला आहेस तसाच ये, वाटेत बोलला नाहीस तरी चालेल. मामा म्हणतात सदाशिवलाही खूप सुनवायचं आहे, ते कागदावर देणार नाहीत, समोर बसवून देणार आहेत. त्यांनी तुझ्यासाठी खाट बाहेर काढून ठेवली आहे. तिच्यावर मला बसू देत नाहीत.

वहिनींना नमस्कार. रागासकट माया असू दे.

तुझी
अंबू