ओटा नसलेली कौशल्या

८ जुलै
पुण्याहून संपादकांचा फोन. कथा आवडली म्हणे! दिवाळी अंकात घेतो म्हणे. पण — "मॅडम, गाव तेवढं बदला. पुण्यातला फ्लॅट करा. आमचा वाचक शहरातला. पात्रं आहेत तशीच ठेवा."
आहेत तशीच! गाव म्हणजे काय नाटकाचा पडदा आहे?

९ जुलै
राग जात नाही. भाजी करपली, तीही संपादकांच्याच नावावर टाकली.
माझी कौशल्या आमच्या इकडच्या उंद्रीची, पुण्याजवळच्या नव्हे. नवऱ्याशी वाजलं की समोरच्या अन्नपूर्णाबाईंच्या ओट्यावर जाऊन बसते. त्या चहा देतात. गालावर बोटं उमटलेली दिसली तरी काय झालं ते विचारत नाहीत. किती समजूतदार! दिवेलागणीला दीर येतो, "चाला वहिनी" म्हणतो, की ही उठली. गल्लीची रीतच ती. हे मी हवेतून आणलेलं नाही. रेणुकाताईच्या सासरची गल्ली आहे, अन्नपूर्णाबाईंचं तर नावही बदललं नाही. ताईला तिथे बसलेलं मी स्वतः पाहिलंय. ओटाच काढला तर ही बाई रुसून बसणार कुठे? लिफ्टमध्ये?

११ जुलै
हर्षल म्हणतो, "बदलून टाक ना. काऊन एवढी तापून राह्यली? छापून तं येईल."
इतकी वर्षं लिहितेय, एकही कथा छापून आली नाही. मलाही कळतं ते. पण नवऱ्याने ते म्हणायचं नाही!

१४ जुलै
लिहूनच दाखवते त्यांना. कळू दे कसं हसं होतं ते!
कौशल्याला पुण्यात नेलं, सहाव्या मजल्यावर. भांडण तेच, वाक्यंसुद्धा तीच. दार आपटून बाहेर आली. शेजारची दारं बंद. खाली वॉचमनने मोबाइलमधून मान वर केली नाही. फाटकाशी बराच वेळ उभी राहिली. घ्यायला कोणी येईना. मग रिक्षा केली आणि गेली.
गेली! मी थांबवत होते, तरी गेली. ही माझी कौशल्या नव्हेच. माझी घरी जाऊन भाकरी थापते.

१५ जुलै
ताईला फोनवर दोन्ही वाचून दाखवल्या. म्हटलं, ही तरी माझ्या बाजूने बोलेल. उंद्रीची ऐकताना हसली — "हाव, अन्नपूर्णाबाई अशाच." पुण्याची संपली तशी तिने विचारलं,
"तिले घ्यायले कोणीच नाही आलं?"
"नाही ना ताई! तेच तं खोटं वाटून राह्यलं."
"खोटं काऊन? कोणी आलं नाही म्हणून तं जाता आलं तिले."
मागून भाऊजींचा आवाज आला. तिने फोन ठेवला.
मला भलता संताप आला. सख्ख्या बहिणीने संपादकाची बाजू घ्यावी!

१६ जुलै
उंद्रीचीच पाठवली. छापा, नाहीतर फेकून द्या.

१९ जुलै
ताई आली. एसटीने, एकटी, बॅग घेऊन. दारातच म्हणाली, "मले घ्यायले कोणी आलं, तं दार उघडू नको."