वीस मिनिटांत उडालेला निळा रंग

प्रिय गीतू,

नांदेडहून पाठवलेलं तुझं भाषण मिळालं. भूकंपाला पंचवीस वर्षं होताहेत म्हणून गाव माझा सत्कार करतंय, आणि तू क्लास बुडवून बोलायला येणार, हे वाचून ऊर भरून आला. पण ‘अण्णाआजोबांच्या नाकानं शेडमधली लेकरं वाचवली’ ही ओळ तू वाचू नकोस बाळा.

नाकाचं खरं आहे. मी सातवी शिकलेला माणूस, पण दूध संकलन केंद्रावर कॅनचं झाकण उचललं की दूध किती वेळ उभं आहे ते सांगायचो. लोक चिडवायचे, अण्णाचं नाक म्हणजे सरकारी मोहोर. भूकंपानंतरच्या चार दिवसांत मात्र चितांचा धूर अन् फिनेल यांनी ते नाक पार मारून टाकलं. कशाचाच वास येईना. हे बोलून दाखवायची मला लाज वाटली.

घरं पडलेले आम्ही सगळे पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो, तिथं पाचव्या दिवशी बाहेरगावचं दूध आलं. पावसानं सरपण ओलं झालेलं, दूध उकळायची सोय नव्हती. तुझी आई महादेवी, माझी सख्खी पुतणी, दोन वर्षांच्या वीरभद्राला, तुझ्या थोरल्या भावाला, कडेवर घेऊन म्हणाली, अण्णा, तेवढा वास घ्या, लेकरू कालपासून उपाशी हाय. मी वाकलो, सवयीनं मान डोलावली. म्हणालो, चांगलं हाय, कोमट केलं तरी चालतंय. मग मनाला चैन पडेना म्हणून केंद्रावरच्या काचेच्या नळीत दूध घेऊन तपासणीचं निळं औषध घातलं, कोमट पाण्यात ठेवलं. तुझ्या पुस्तकात असेल, जिवाणू जितके जास्त तितका तो रंग लवकर उडतो. चांगलं दूध पाच तास निळं राहतं. हे वीस मिनिटांत पांढरं पडलं. तोवर पातेली रिकामी झाली होती. मी नळी चिखलात ओतली, कुणाला बोललो नाही.

जुलाब लागून वीरभद्र तिसऱ्या दिवशी गेला. सगळे म्हणतात, भूकंपात गेला. तुझी आईही तेच म्हणते. त्यानंतर मी नळी पाहिल्याबिगर एक कॅन घेतला नाही, लोकांच्या शिव्या खाल्ल्या, आणि तुम्ही त्यालाच माझी शिस्त म्हणता.

सत्काराला मी नकार कळवलाय. येत्या रविवारी तुझ्या आईकडे जाऊन हे सगळं सांगणार आहे. ती मला दारातूनच परत पाठवील, तो तिचा हक्क आहे. नंतर ती तुला फोन करील आणि रडण्यात तिला धड बोलता येणार नाही, म्हणून तुला आधी लिहिलं. पोरी, त्या दिवशी तिच्याजवळ जाऊन राहा. आणि माझी बाजू घेऊ नकोस.

तुझाच,
संगप्पा अण्णाआजोबा