पोटदुखी आणि शेंगाची चटणी

अप्पा, त्या दिवशी तुमचं पोट खरंच दुखत होतं का? तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि मी म्हातारी अजून तिथंच अडलेय.

सोलापूरच्या म्युनिसिपालटीत तुम्ही मेंबर होतात, तेव्हा दोन्ही पक्ष बरोबरीचे. ह्यांनी ठराव मांडला की ते पान खायला उठून जात, त्यांनी मांडला की हे. रस्त्यावरचे कंदील कुणी लावायचे यावरसुद्धा वर्ष गेलं. आपल्या गल्लीला नळ द्यायचा ठराव असाच लोंबकळत होता. पायऱ्यांच्या विहिरीचं पाणी पिऊन अव्वाच्या, तुमच्या बायकोच्या, पायाला नारू झालेला, दोऱ्यासारखा किडा कातडीतून बाहेर यायचा. मी तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायची, आणि ती दात आवळून म्हणायची, "तुज्या अप्पाला हात वर करा म्हणावं, दुसरं काय नको."

शेवटी ठरावावर मत घ्यायचा दिवस आला. तुमचे सोबती टांगा घेऊन दारात. "चला की हो, तुमच्या एका हातावर अडलंय सगळं!" तुम्ही घोंगडी तोंडावर ओढलीत. "लई कळ मारतीया पोटात. आज न्हाय जमत." टांगा रिकामा गेला. एका मतानं ठराव पडला.

आणि दुपारी? अव्वानं मऊ भात केला, पण शेजारी मुद्दाम शेंगाची चटणी वाढली, झणझणीत. तुम्ही भात सारलात बाजूला, कडक भाकरी मोडलीत आणि चटणी चाटूनपुसून खाल्लीत. "पोटाला मानवली म्हणायची चटणी!" एवढंच बोलून अव्वा लंगडत उठली. तुम्ही पाणी मागितलंत. त्याच विहिरीचं. महिन्याभरात तुम्ही शाळा कमिटीचे चेअरमन झालात, तेही पलीकडच्या पक्षाच्या मतांनी. योगायोग, नाही का? नळ आला तोवर अव्वाचा पाय कायमचा वाकडा झाला होता. मला तुमचा राग येतो अप्पा, अजून येतो.

आता तुमचा नातू, माझा लेक, तिथंच निवडून आलाय. परवा सभा होती, रेल्वेरुळापलीकडच्या वस्तीला नळ द्यायच्या ठरावाची, आणि सकाळीच हा पोट धरून बसला. मी मऊ भात वाढला, शेजारी चटणी. त्यानं चटणीला बोटसुद्धा लावलं नाही. दोन घास खाल्ले आणि ओकला. डॉक्टर येऊन सुई टोचून गेले.

हा कागद कुठं टाकणार? सकाळी चुलीत जाईल. पण तुम्हाला म्हणून सांगते. लेक तापानं फणफणत होता, मी त्याचं डोकं चेपत होते, आणि तरी अप्पा, माझा विश्वास बसला नाही.