गळक्या पिंपाचा आठवडा

३ मार्च, सोमवार
शनिवारी आमच्या लग्नाचा वाढदिवस. ग्लेनिस बहिणीकडून, व्हिटबीहून, येणार आहे. राहायला येते असं म्हणाली नाही, पण बायको माझी आहे, मला कळतं. तिच्या आवडीची घरची बिअर पिंपात तयार. चाखायला तोटी उघडली. पहिला अर्धा ग्लास जोरात, मग धार करंगळीएवढी. पिंपात दाबच नाही. किरकोळ काम. उद्या उरकतो.

४ मार्च
गॅसची नवी नळकांडी लावली. फुस्स झालं, बरं वाटलं. संध्याकाळी पुन्हा करंगळी. नळकांडी बोगस. या देशात हल्ली एक वस्तू धड मिळत नाही. तपासणीसाठी तीन पाइंट काढले. तपासणी करावीच लागते.
हे सांगायला ग्लेनिसला फोन केले. शेवटचा तिच्या बहिणीने उचलला. म्हणे ती आंघोळीला गेलीय. दिवसभर आंघोळ?

५ मार्च
झाकणावर साबणाचं पाणी ओतलं. कडेने बुडबुडे. सापडला चोर! पाना लावून झाकण आवळलं. शेजारचा विल्फ कुंपणावरून म्हणाला, पाना नको, आतलं रबर पिळवटतं आणि तिथूनच गॅस जातो; रबराला व्हॅसलीन चोळ, हाताने बसव, सैलसर. याची स्वतःची बिअर म्हणजे भांडी विसळलेलं पाणी. चालला मला शिकवायला.

६ मार्च
बुडबुडे वाढले. म्हणजे आवळणं कमी पडलं. दोन्ही पाय पिंपाला लावून आवळलं. कंबर धरली.
ग्लेनिसने फोन उचलला एकदाचा. म्हणाली, कुठे होतीस, कोण होतं, केव्हा आलीस, हेच विचारायला फोन करतोस. जरा श्वास घेऊ दे. प्रेमाने विचारतो तर हे. रागावली नाही ना, हे विचारायला परत फोन केला. मग उचलला नाही. आंघोळ असेल.

७ मार्च
झाकणाला चीर. चिकटपट्टी गुंडाळली. मांसाचं सारण भरलेले पोर्क पाई आणले, लोणच्यातले कांदे आणले. तपासणी चालूच. पिंप बरंच हलकं लागतंय.

८ मार्च, शनिवार
आली. शिवणयंत्र घेऊन गेली.
मी ग्लास पुढे केला. फेस नाही, बुडबुडा नाही, तळाचा गाळ तेवढा. तरी एक घोट प्यायली. झाकणावरच्या पट्ट्यांकडे बघत राहिली. डोळे भरले होते. मी म्हटलं, विल्फचं ऐकू नकोस, तो जळतो. म्हणाली, "क्लाइव्ह, मला आता फोन करू नकोस." पोर्क पाईंना हातही लावला नाही. वाईट वाटलं. ताजे होते.

९ मार्च
नवं झाकण मागवलं. सोबत लांब दांड्याचा पाना.
ग्लेनिस घराची किल्ली पिंपावर विसरून गेली. वेंधळी आहे. कळवायला सकाळपासून फोन करतोय. लागत नाही.