फ्रीडाच्या घरचा सुगीचा सण

ईस्ट कोस्ट, सिंगापूर
३० ऑगस्ट २०२५

ती. आईस,
कृ. सा. न. वि. वि.

फोनवर आपण दोघी दोन वाक्यं झाली की भांडायला लागतो, म्हणून हे पत्र. यात निदान तू मला मध्येच तोडू शकत नाहीस. माझी तब्येत छान आहे, उलट्या थांबल्या. डॉक्टरीणबाई म्हणतात, फेब्रुवारीचा दुसरा आठवडा धरा.

आता मुद्द्याचं. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी जर्मन लोकांचा सुगीचा सण असतो. पीक घरात आलं म्हणून देवाचे आभार मानायचे आणि पोटभर जेवायचं. योनासच्या घरी तो थाटात व्हायचा. फ्रीडाची आई गेल्यापासून बापलेकीपैकी कुणी नावच काढलं नाही. परवा जेवताना योनास सहज म्हणाला की त्या दिवशी घरभर कांदा परतल्याचा वास असायचा. फ्रीडाने ताट सरकवलं आणि खोलीत गेली. मी दाराशी जाऊन विचारलं, यंदा आपण करूया का, मी शिकते. तर म्हणाली, "डोन्ट नीड, लाह." शाळेतल्या मैत्रिणींना इथल्या सिंगापुरी इंग्रजीत सांगते तसंच.

आई, ती वाईट वागत नाही गं. पाहुण्यांशी वागतो तसं वागते. थँक्यू, सॉरी, गुड नाइट. लग्नाला नऊ महिने झाले, तिने एकदाही माझ्याशी भांडण केलेलं नाही. याचंच मला फार वाईट वाटतं. बाळ यायच्या आत तिला हे घर तिचं वाटायला हवं, नाहीतर नंतर ती आणखीच कोपऱ्यात जाईल.

म्हणून मी हट्टाला पेटले आहे. श्पेट्झल नावाचा प्रकार करायचाय. सैलसर पीठ थेट उकळत्या पाण्यात पाडायचं, वर चीज आणि तळलेला कांदा. पहिल्या खेपेला चाळणीतून पाडलं, तर गोळे झाले. योनास मुकाट्याने खात होता, पण तो जहाजांवर दिवस काढलेला इंजिनिअर, काहीही खातो. मग मला तुझा सोऱ्या आठवला. जाड शेवेची चकती घालून पाठवशील? पिठात अंडी असतात, हे आधीच सांगून टाकते.

बाबांना नमस्कार. रागावलीस तरी लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
अश्लेषा


सांगली
१३ सप्टेंबर २०२५

चि. सौ. अश्लेषास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझ्या बाबांनी ते मला दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं आणि अंड्यापाशी दोन्ही वेळा हसले. माझा पितळी सोऱ्या मिळणार नाही. त्यातून माझ्या सासूबाईंनी चकल्या पाडल्यात, त्याला मी अंड्यात बुडवू देणार नाही. शेजारच्या संजीवनीताईंची स्वप्नाली तुमच्या तिकडे तांजोंग पगारच्या ऑफिसात रुजू व्हायला निघाली आहे, तिच्याबरोबर नवा स्टीलचा पाठवते आहे. त्याचं तू काय वाटेल ते कर. पीठ फार सैल भिजवू नकोस, आणि सोऱ्याला आतून पाण्याचा हात लाव. चकतीची खरबरीत बाजू बाहेर.

आता रागावू नकोस, पण लिहिते. पोरीचं कर, जरूर कर. आईविना लेकरू आहे, तिला काही कमी पडता कामा नये. पण इतका जीव टाकू नकोस की पुढे पस्तावशील. परक्याचं मूल ते परक्याचं. सणाच्या दुसऱ्याच दिवशी कोजागरी येते आहे. आपल्याकडे त्या दिवशी पहिल्या अपत्याला ओवाळतात, तुला मी लग्न होईपर्यंत ओवाळलं. पुढच्या कोजागरीला तू तुझ्या पहिल्या बाळाला ओवाळशील, तो दिवस मला डोळ्यांनी बघायचाय. माझं सगळं लक्ष तिकडे लागलं आहे.

खजूर आणि डिंकाचे लाडू स्वप्नालीकडे दिलेत. जावईबापूंना आशीर्वाद. माझ्या बोलण्याने माया आटवू नकोस म्हणजे झालं.

तुझी,
आई


ईस्ट कोस्ट, सिंगापूर
७ ऑक्टोबर २०२५

ती. आईस,
कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी आधी रडले, मग लाडू खाल्ला, मग पुन्हा थोडी रडले. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे तूच मला लहानपणी हसत सांगायचीस ना? असो. भांडण पुढच्या पत्रात. आज मला फक्त आनंद सांगायचाय.

रविवारी सकाळपासून ओट्याशी होते. जांभळा कोबी सफरचंद घालून शिजत टाकला, कांदा चिरून चिरून डोळे सुजले. मग तुझा सोऱ्या काढला. अशा देखण्या तारा पडायला लागल्या की मी स्वतःवरच खूश. तेवढ्यात फ्रीडा पाणी प्यायला आली. पातेल्यात डोकावून बघितलं आणि चेहरा लाल. म्हणाली, हे चुकीचं आहे, हे शेवयांसारखं दिसतंय, मम्मा असं करतच नव्हती. मम्मा फळीवर पीठ पसरून सुरीने पाण्यात ढकलायची. मी म्हटलं, मला कुठे माहीत होतं. तर म्हणाली, मग विचारायचं ना, मला सगळं येतं. आवाज चढला होता. आई, ती चक्क माझ्याशी भांडत होती.

मी सोऱ्या बाजूला ठेवला, पोळपाट पुढे केला आणि म्हटलं, दाखव. तिने स्टूल ओढलं. पोळपाट गोल असल्याबद्दल मला बोलणी बसली. पीठ पातळ आहे, सुरी ओली कर, घाई करू नकोस, असं तिने मला तासभर राबवलं. तुझ्या हाताखाली पहिल्यांदा पोळ्या लाटल्या तेव्हाची आठवण झाली. माझे तुकडे वेडेवाकडे पडले की ती हसे. हळूहळू बोलायला लागली, मम्मा काम करताना कसं गुणगुणायची, पिठाचं बोट नाकाला कसं लावायची. मी ऐकत राहिले. योनास दारात उभा होता, तो आत आलाच नाही. बाहेर जाऊन डोळे पुसून आला आणि दोन ताटं भरून जेवला.

आता काल कोजागरी. इथल्या चिनी मंडळींचाही सण त्याच पौर्णिमेला, कॉन्डोतली सगळी मुलं संध्याकाळी कंदील घेऊन खाली जमतात. मी दूध आटवून ठेवलं आणि निरांजन लावलं. फ्रीडाला पाटावर बस म्हटलं. तिने कारण विचारलं. मी सांगितलं की आज घरातल्या पहिल्या मुलाला ओवाळतात. ती माझ्या पोटाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली की तुझं पहिलं तर हे आहे.

मी म्हटलं, "हे दुसरं. पहिली तू."

मला वाटलं ती उठून जाणार. पण ती मांडी घालून ताठ बसली, केस मागे घेतले. मी कुंकवाचा टिळा लावला आणि ओवाळलं. मग तिने भिंतीवरच्या आरशात पाहिलं आणि म्हणाली, टिळा वाकडा लागलाय, नीट लाव. मी पुसून पुन्हा लावला. तो कपाळावर घेऊनच ती कंदील घेऊन खाली पळाली. वरून ऐकू येत होतं, जो भेटेल त्याला सांगत होती की आमच्याकडे आज पहिल्या मुलाचा दिवस असतो, आणि ती मी आहे.

रागावली असशील तर रागाव. पण लोभाचे वाटे करताना आता आणखी एकीचा वाढव.

तुझी,
अश्लेषा


सांगली
१९ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. अश्लेषास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

चकल्यांचं पीठ भिजवून ठेवलं आहे आणि मी लिहीत बसले आहे, तेव्हा थोडक्यात.

तुझं पत्र बाबांनी वाचायला घेतलं, पण पाटापर्यंत आले आणि त्यांना पुढे वाचवेना. उरलेलं मी वाचलं. कोजागरीला ओवाळल्यावर मुलाला नवं वस्त्र द्यायचं असतं, ते तू विसरलीस. तिच्या फ्रॉकचं माप कळव, इथल्या शिंपिणीकडून शिवून घेते. रंग तिलाच विचार, तू ठरवू नकोस. आणि तिला दुधात वेलदोडा चालतो की नाही तेही कळव, मी येईन तेव्हा माहीत असलेलं बरं.

काल संजीवनीताई फराळ घेऊन आल्या होत्या. पोरीला कितवा महिना म्हणून विचारलं, मग म्हणाल्या, मीनाक्षी, चला, माघात तुम्हीही आजी होणार. मी त्यांना सांगितलं, होणार काय, झालेय. माझी थोरली नात पाचवीत आहे.

सगळ्यांवर माया आहे, तिघांत वाटून घ्या.

तुझी,
आई